नकाशावरची खूण

चिपळूण

चि. सोन्यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी सकाळी पऱ्यावरच्या साकवापाशी गाड्यांची रांग लागली होती. रतिबाचा मुलगा दूध घालायला आला तो हीच बातमी घेऊन. पुण्याच्या गाड्या, ठाण्याच्या गाड्या, एक तर थेट नाशिकची. माणसं रेनकोट चढवून, हातभर लांब लेन्स गळ्यात अडकवून, मोबाइलच्या नकाशाकडे बघत सरळ मांगरामागे उतरली. वाडीत कोणाला वाट विचारली नाही, कारण विचारायची गरजच पडली नाही. त्यांच्यातल्या एकाने तुझं नाव घेतलं म्हणे. त्यानेच ग्रुपवर टाकलंय, खाली पिनही दिलीय, असं. आत्याचा विश्वास बसला नाही. मग रात्री दादाने फोनवरून तुझी पोस्ट वाचून दाखवली.

सोन्या, त्या दरडीत पिल्लं आहेत रे.

तिबोटी खंड्या किती मोठा असतो ते तू आत्यापेक्षा जवळून पाहिलं आहेस. चोचीपासून शेपटीपर्यंत तेरा सेंटिमीटर, वजन पंधरा-वीस ग्रॅम. पाऊस धरला की तो कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या ओल्या मातीच्या उभ्या दरडीत चोचीने बीळ कोरतो. कधी कधी ते मीटरभर आत जातं. चार-पाच अंडी, साधारण सतरा दिवस उबवण, मग वीसेक दिवस पिल्लांना भरवणं. एवढ्या पाच-सहा आठवड्यांत त्या जोडप्याचा पावसाळा संपतो. पहिली वीण फुकट गेली तर ते पुन्हा मांडतात, पण तोवर पाऊस किती उरला असेल याची कोणी हमी देत नाही. तुम्ही मुलं त्याला ओडीकेएफ म्हणता. त्याच्यासाठी माणसं रजा टाकून येतात, हेही आत्याला माहीत आहे.

फोटो चांगला आला आहे, यात वाद नाही. पाठीवरची ती जांभळट निळाई आत्याने इतकी स्पष्ट आजवर पाहिली नव्हती. पण तू घरच्या ग्रुपवर सगळे मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलेस, ते दादाने आत्याच्या लॅपटॉपवर उघडून दिले आणि मग झोप उडाली. पहिल्या फोटोत पक्ष्याच्या चोचीत सापसुरळी आहे, तिचं डोकं बाहेरच्या बाजूला. खंड्या स्वतः खाणार असेल तर भक्ष्य असं धरत नाही. पिल्लाच्या घशात आधी डोकं जावं म्हणून तो ते असं फिरवून धरतो. त्या फोटोची वेळ आठ वाजून बारा मिनिटं. शेवटच्या फोटोत तोच पक्षी, तीच काठी, तीच सापसुरळी, आणि वेळ आठ एकावन्न. एकोणचाळीस मिनिटं तो पक्षी पिल्लाचा घास चोचीत धरून बसला होता, कारण बिळासमोर माणसं होती. आणि ती काठी. तिची साल ताजी तासलेली दिसते, टोक पांढरंफटक आहे. पऱ्यात अशी काठी आपोआप उगवत नाही. तू रोवलीस की तुझ्याबरोबरच्या कोणी, ते तूच सांग. आत्या ऐकून घेईल.

डिजिटल फोटोत फक्त चित्र नसतं, हे तुला इंजिनियरिंगवाल्याला सांगायला नको. जपानमध्ये १९९५ साली एक्झिफ नावाची पद्धत ठरली, तेव्हापासून फाइलच्या पोटात कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ, लेन्स सगळं बसतं, आणि मोबाइलने काढला असेल तर अक्षांश-रेखांशही. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी पोहोचते. ई-मेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने मूळ फाइल दिली तरी तेच. २०१२ च्या डिसेंबरात जॉन मॅकाफी, तोच अँटिव्हायरसवाला, पोलिसांना चुकवत लपला होता. त्याच्याबरोबर असलेल्या पत्रकारांनी एका मासिकाच्या वेबसाइटवर त्याचा फोटो टाकला. आयफोनने काढलेल्या त्या फोटोतल्या आकड्यांवरून तो ग्वाटेमालात कुठे आहे ते जगाने शोधून काढलं. पत्रकारांच्या हे लक्षातही आलं नव्हतं.

तू तर खूण स्वतःच्या हाताने लावलीस. आणि खूण काढून टाकली तरी पुरत नाही. तुझ्या तिसऱ्या फोटोत मागे साकवाचा कठडा आहे, त्यावर ग्रामपंचायतीने रंगवलेली अक्षरं अर्धी वाचता येतात. ज्याला यायचंच आहे त्याला तेवढं पुष्कळ होतं.

तू म्हणशील, आलेली माणसं पक्ष्यांवर प्रेम करणारी आहेत, कोणी गलोल घेऊन आलं नव्हतं. खरं आहे. पण दरडीवर उभा राहिलेला माणूस प्रेमळ असला तरी त्याचं वजन कमी होत नाही. आषाढातली माती ती. वरून चार जण ओणवले की खालचं बीळ बसतं. फोटोत आडवं येतं म्हणून कोणीतरी नेचे उपटले, असं रतिबाचा मुलगा सांगत होता. त्या नेच्यांनीच ते तोंड झाकलेलं होतं. आता मुंगसाला, घोरपडीला, धामणीला ते लांबून दिसणार.

कायदा काय म्हणतो तेही एकदा वाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक आणि सापळ्याबरोबर पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. शब्द शिकार हाच. आपल्या घरातल्या मुलाच्या नावापुढे तो शब्द आत्याला कल्पनेतही नको आहे.

जागा जाहीर झाल्यावर काय होतं याची उदाहरणं साधी नाहीत. दक्षिण चीनमधल्या एका देखण्या पालीचं वर्णन १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं, ती कुठे सापडते यासकट. प्राणी विकणारे ते वाचून तिथे पोहोचले. परदेशात एकेका पालीला दीड-दोन हजार डॉलर मिळायला लागले आणि जिथे ती पहिल्यांदा सापडली होती तिथून ती नाहीशी झाली. शास्त्रज्ञांनी नेमाने, नीट काम केलं होतं. तरी हे घडलं. २०१७ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की दुर्मिळ जिवांची नेमकी ठिकाणं छापूच नका. आणि आपल्याकडचं ऐक. २०१३ च्या जुलैत पन्नाच्या एका वाघाच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत होती, ते उघडायचा कोणीतरी प्रयत्न केला. प्रयत्न फसला. मागोवा घेतला तेव्हा तो झाला होता पुण्यातून, पन्नापासून हजार किलोमीटरवरून. वाघापर्यंत जायला जंगलातून चालावं लागतंच असं आता राहिलेलं नाही.

खंड्याला वाघाएवढा भाव नाही, हे आत्यालाही कळतं. म्हणूनच त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दरडीशी रात्री पहारा करायला वनखात्याचा माणूस येणार नाही.

इथवर वाचून तुला वाटेल की आत्या फोटो काढू नकोस म्हणते आहे. मुळीच नाही. आत्या तुझ्या वयाची होती तेव्हा घरात एक आग्फा क्लिक थ्री होता, मोठ्या काकांनी मुंबईहून आणलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल महाग, धुलाई त्याहून महाग, म्हणून प्रत्येक फोटो जपून काढायचा. ते सगळे परशुरामावर, गोपाळगडावर, गुहागरच्या समुद्रावर संपले. तुझ्या आजोबांवर, अण्णांवर, एकही नाही. अण्णा इरलं पांघरून पुढे चालायचे आणि दरड यायच्या कितीतरी आधी फणसाच्या बुंध्याशी थांबायचे. तिथून पुढे कोणाला जाऊ द्यायचे नाहीत. त्या पक्ष्याचं पुस्तकातलं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण तो मृगात येतो की आर्द्रात, कोणत्या वर्षी उशिरा आला, कोणत्या पुरात दरड गेली आणि पुढच्या वर्षी त्याने बीळ कुठे हलवलं, हे त्यांच्या तोंडी होतं. ते कोणी लिहून घेतलं नाही. आत्या शाळेत जाणारी, वही-पेन असणारी घरातली पहिली मुलगी, तिनेही नाही. ही खंत अजून जात नाही. इरलं घातलेले अण्णा आता फक्त आत्याला आणि तुझ्या बाबाला दिसतात.

तेव्हा नोंद कर, जरूर कर. खरी, तारखेनिशी, जागेनिशी. जागेची नोंद खोटी असली तर काय होतं ते रानपिंगळ्याने दाखवलं आहे. काँग्रेसवाल्या अॅलन ह्यूमने १८७३ मध्ये त्या घुबडाचं वर्णन केलं. आपल्या खानदेशात डेव्हिडसन नावाच्या साहेबाने १८८४ पर्यंत त्याचे नमुने गोळा केले. मग रिचर्ड माइनर्त्झहागन या कर्नलाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला तो मिळाल्याचा दावा केला. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, वर चिठ्ठी नवी. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोट्या जागा बाजूला सारल्या, उरलेल्या जुन्या नोंदींवर भरवसा ठेवून शोध घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी. आत्याने ती बातमी कापून ठेवली आहे, लोखंडी कपाटात, तुझ्या बारशाच्या पाकिटाशेजारी.

पण असं खरं टिपून ठेवणं वेगळं आणि जागा चारशे अनोळखी माणसांच्या हातात देणं वेगळं. ई-बर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर नोंद टाक. संकटातल्या काही प्रजातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी, एवढंच लोकांना दिसतं. बाकीच्या प्रजातींसाठी आयनॅचरलिस्टवर जागा झाकायची सोय आपल्या हाती असते, ती वापर. ग्रुपवर टाकायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर, पिल्लं उडून गेल्यावर टाक, आणि खाली फक्त ‘कोकण’ लिही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेव. घरट्याचा फोटो मात्र टाकूच नकोस, कधीच; कितीतरी चांगल्या ग्रुपांनी तो नियमच केला आहे. ‘स्पॉट कुठला’ म्हणून कोणी विचारलं तर सांगत नाही म्हणायला लाजू नकोस. त्यावरून कोणी शिष्ट म्हणालं तर म्हणू दे.

आधी ती पोस्ट काढ. आज, हे पत्र हातात असतानाच. काढल्याने दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये उतरलेलं पुसलं जाणार नाही, पण पुढच्या रविवारी येणारे निम्मे तरी कमी होतील. इकडचं आत्या बघते. सोमवारी शेजारच्या काकांना घेऊन साकवापाशी जाऊन आली. पायवाटेवर बांबू आडवा बांधला आहे आणि मांगराच्या भिंतीवर खडूने लिहिलं आहे की पुढे जाऊ नये. दरडीजवळ गेली नाही. फणसापाशीच थांबली. तासाभरात खंड्या एकदा आत जाऊन आला, चोचीत काहीतरी हिरवट होतं, नाकतोडा असावा. म्हणजे निदान एक तरी पिल्लू आहे. ही बातमी तुला लगेच द्यावी म्हणून तर खरं पत्र लिहायला घेतलं, आणि मग इतकं बोलणं झालं.

तुझ्यावर राग आहे असं समजू नकोस. होता, सोमवारपर्यंत होता. तुझ्या बाबाने पुण्यात कधी चिमणीकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि त्याचा मुलगा पहाटेच्या एसटीने येऊन पावसात पऱ्याकाठी बसतो, हे आत्याला किती बरं वाटतं ते तुला कसं सांगावं? शिकवण्या घेऊन तू लेन्सचे पैसे साठवलेस हे वहिनीने सांगितलं. अण्णा असते तर त्यांनी ती लेन्स हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली असती आणि किंमत विचारून गप्प बसले असते.

वहिनी असंही म्हणाली की तुला सर्दी हटत नाही आणि मेसमध्ये रात्री तू जेवत नाहीस. ओल्या मोज्यांनी एसटीत बसू नकोस, पिशवीत कोरडी जोडी ठेवत जा. जळू लागली तर ओढून काढू नकोस, मीठ लाव. लेन्सला बुरशी धरते म्हणतात, तर डब्यात ती सिलिका जेलची पुडकी टाकून ठेव. गणपतीला चार दिवस आधीच ये. आत्या पातोळे करेल, हळदीची पानं परसात यंदा भरपूर आली आहेत. पोस्ट काढलीस की एक ओळ कळव. फोनही चालेल, रात्री नऊपर्यंत आत्या जागी असते.

तुझी,
आत्या