अभ्यासपाठ : तीन संहार आणि आपली सेवा

वाचन : १ राजे, अध्याय २१



आदिवासी बांधवांवरील अन्यायाविषयी बोलताना आपल्या सभांमध्ये ‘वंशसंहार’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. शब्द जड आहे, तो तोलूनच वापरावा. म्हणून या पाठात मी तीन शब्दांचा अर्थ मांडत आहे.

१. वंशसंहार

पोलंडचे ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये हा शब्द रूढ केला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्ध करार संमत केला. भारताने १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. करारात पाच कृत्ये आहेत : ठार मारणे, शरीराला वा मनाला गंभीर इजा करणे, नाश व्हावा अशा स्थितीत जगायला लावणे, जन्म रोखणे आणि मुले बळजबरीने दुसऱ्या गटाकडे देणे. पण केवळ कृत्य पुरत नाही. राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो.

२. संस्कृतिसंहार

येथे माणसे जगतात; त्यांची भाषा, चालीरीती आणि स्वाभिमान मात्र मोडला जातो. १९४८ च्या कराराच्या मसुद्यात हा भाग होता, अंतिम करारातून तो वगळला गेला. २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याचे कलम ८ अशा नाशापासून संरक्षण देते. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. पण त्याच्या आधारे कोणाला शिक्षा होत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी आली, कुंपणातली ‘सेटलमेंट’ आली. १९११ च्या कायद्याने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभा दिली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली. देशातून तो कायदा जायला १९५२ साल उजाडले.

हा वंशसंहार होता का? मुले तोडणे हे पाचव्या कृत्याच्या जवळ जाते. पण सरकार ‘सुधारणा’ हा हेतू सांगत होते, त्यामुळे कायद्याच्या काट्यावर तो आरोप टिकणे कठीण. संस्कृतिसंहार हाच शब्द येथे अधिक बसतो.

या सेटलमेंटपैकी काही साल्व्हेशन आर्मी चालवत होती; सोलापूरची काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. सेवाभाव खरा होता, पण कुंपणही खरे होते. कॅनडात चर्चने चालवलेल्या निवासी शाळांना तेथील सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटले. तेव्हा हा दुसरा शब्द आपल्यासारख्या सेवाकार्यांना सर्वांत जवळून लागू होतो.

३. निसर्गसंहार

परिणाम ठाऊक असूनही निसर्गाची गंभीर आणि व्यापक किंवा दीर्घकालीन हानी करणे, अशी व्याख्या २०२१ मध्ये कायदेतज्ज्ञांच्या एका गटाने सुचवली. २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ यांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात हा गुन्हा घालण्याचा प्रस्ताव दिला. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही.

आपल्या हाती आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. कातकऱ्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. जंगलावर बंधने आली, धंदा गेला आणि कुटुंबे वीटभट्टीवर पोहोचली. याउलट २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि डोंगर वाचला.

नाबोथाचा धडा

अहाब राजाने नाबोथाला आधी चांगला मोबदलाच देऊ केला होता. नाबोथाने नाकारला, कारण मळा हे वाडवडिलांचे वतन होते. मग खोटे साक्षीदार उभे राहिले आणि न्यायाच्या नावाखालीच त्याचा जीव घेतला गेला. कागद नीट असला म्हणजे न्याय झाला असे नाही, हे एलीया संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर सांगितले.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या देणगीवर चालणाऱ्या वसतिगृहात मुलांना त्यांची बोली बोलता येते का?
२. सुट्टीत मूल घरी गेल्यावर आजीशी कोणत्या भाषेत बोलते?
३. योजना आखण्यापूर्वी आपण ग्रामसभेला विचारतो का?

प्रार्थना : ज्यांची सेवा करतो त्यांचे आधी ऐकण्याची बुद्धी प्रभू आपल्याला देवो. आमेन.