कुत्रं शिकतं, मालकाचं काय?

भंडारदऱ्याला, शेंडीच्या बाजूला ज्यांचे सुट्टीचे बंगले आहेत त्यांचा कुत्रा शिकवायला बोलावणं आलं, की मी आधी विचारतो: त्याला रोज खायला कोण घालतं? ‘आमचा माणूस’ असं उत्तर आलं, तर मालक आणि तो माणूस दोघंही हजर असल्याशिवाय मी पट्ट्याला हात लावत नाही. हे शहाणपण मला स्वस्तात मिळालेलं नाही.

अशाच एका बंगल्यात जर्मन शेफर्ड होता. तरणा, हुशार. मालक मुंबईचे, येणार ते शनिवार-रविवारी. राखणदाराला सोबत घेऊन मी सगळं बसवलं: बस, थांब, सोड, ये, रस्त्यावरून शेळ्या गेल्या तरी लांब दोरीवर शांत उभं राहणं. तो माणूस मन लावून सराव घ्यायचा. मालक मात्र खुर्चीतून म्हणणार, “सर, तुमचं चालू द्या, आम्ही पैसे देतोय ना.” पट्टा एकदाही हातात धरला नाही. जेवताना ताटातलं मटण खाली टाकणार आणि कुत्रं अंगावर आलं की माझ्याकडे बघणार. साहेबांचं ‘सिट’, मॅडमचं ‘बैठो’, राखणदाराचं ‘बस’. कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं?

काजव्यांच्या हंगामात बंगला पाहुण्यांनी भरला. त्यातलं एक पोर जेवत्या कुत्र्याजवळ गेलं आणि कुत्र्यानं त्याच्या हाताला दात लावले. सकाळी मला फोन: “न गुरगुरता चावला. हे शिकवलंत? पैसे परत करा.”

न गुरगुरता, हे मला पटेना. गेलो. मालकांनी पाहुण्यांसमोर दारातच तोंडसुख घेतलं. बसा म्हणायचीही रीत पाळली नाही. मागच्या बाजूला टाकीजवळ राखणदार भेटला. खाली बघत म्हणाला, “सर, गुरगुरायचा की तो. साहेबांनी चपलेनं हाणून हाणून मोडलं ते.”

मी कुत्र्यापुढे भांडं ठेवलं, थोडा लांब गेलो आणि परत दोन पावलं पुढे आलो. तोंड भांड्यातच, पण खाणं थांबलं. मान ताठ. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागलं. आवाज अजिबात नाही. गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस असते. साहेबांनी नोटीस बंद पाडली होती, राग तसाच होता.

हे समजावलं तर म्हणाले, “मग काय डोक्यावर बसवायचं?” माझे उरलेले पैसे बुडाले, ओळखीपाळखीत नाव खराब झालं ते वेगळंच.

तर पाळणाऱ्यांनो, गुरगुरलं म्हणून मारू नका. मागे व्हा आणि कशावर गुरगुरतंय ते बघा. भांड्यावर असेल तर त्यात हात घालू नका. लांबूनच आणखी चांगला तुकडा टाका. माणूस आला की मिळतं, जात नाही, हे त्याला कळू द्या. पोरांना तिथे फिरकू देऊ नका. आज्ञेचे शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. सगळ्यांचा शब्द एकच. रात्री ओट्यावर साखळीला बांधू नका. हा बिबट्याचा मुलूख आहे आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. इथल्या पावसात कुत्रं दिवसच्या दिवस कोंडलं जातं. तेव्हा खोल्यांत खाऊ लपवून हुंगत शोधायला लावा, ते चांगलं दमतं. बाकी धीर धरा, प्रेमानं घ्या, हे सगळेच सांगतात.

चावा झालाच तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी. आणि साहेब, प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कुत्रं बाळगणाऱ्याला लागतं.

शिकवणाऱ्यांनो, पैसे आधी घ्या, अटी लिहून घ्या, पहिल्याच दिवशी पट्टा मालकाच्या हातात द्या. तो खुर्चीतून उठत नसेल तर नमस्कार करून निघा. मी आता तेच करतो. त्या राखणदाराचा मात्र अजून अधूनमधून फोन येतो. तो फुकट विचारतो, मी सगळं सांगतो. कारण सांगितलेलं तो करतो.