चेन ताणली, तर सगळा सेट बदलायचा का?

प्रश्न : पायडलवर जोर दिला की सायकलची चेन घसरते. दुकानदार चेन, फ्रीव्हील आणि पुढचे चक्र तिन्ही बदला म्हणतात. खर्च वाचेल का? – एक वाचक, उमरखेड

उत्तर : बहुधा वाचेल, पण आधी मोजा. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ कड्या नेमक्या १२ इंच भरायला हव्यात. टेपने पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. १/१६ इंच वाढ दिसली तर फक्त चेन बदला. १/८ इंच झाली असेल तर फ्रीव्हीलही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. लोखंड ताणले जात नाही, पिना आणि भोके झिजतात. उमरखेडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की तिचा घासणारा लेपच होतो.

‘तुटली नाही, मग का बदलायची?’ असे वाटेल. पण लांबलेली चेन दातांवर सारखी बसत नाही आणि महागडे दाते खाते. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर मागचा प्रत्येक दाता सुमारे अडीचपट वेळा चेनखाली येतो. म्हणून फ्रीव्हील आधी जाते, पुढचे चक्र बरेच टिकते. तिन्ही एकदम बदलण्याचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. दुकानदारांचे एक म्हणणे मात्र खरे आहे : झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन घसरते. तेव्हा आधी चेन बसवून चढावर जोर देऊन पाहा. घसरली तरच फ्रीव्हील घ्या. नवी चेन घेताना रुंदीही जुळवा, कारण गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते.