यात्रेहून आल्यावर काय वाढू?

प्रश्न : गुढीपाडव्याला डोंबिवलीची स्वागतयात्रा आटोपली की आमचे दहा-बारा नातेवाईक थेट घरी येतात. तोवर अकरा वाजतात. नुसते पोहे दिले तर सण वाटत नाही आणि पूर्ण स्वयंपाक करायचा तर पहाटेपासून ओटा सुटत नाही. यंदा यात्रेला मलाही जायचं आहे. काय बेत करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : यात्रेला जाच. ही यात्रा १९९९ साली तुमच्याच गावात सुरू झाली आणि पाडव्याची सकाळ तिने बदलून टाकली. नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळी लोक दमून, उन्हातून, सडकून भूक घेऊन घरी येतात. त्यांना चार पदार्थ पुरतात : श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी आणि आंबेडाळ. सोबत पन्हं. पुरणपोळी, मसालेभात, भजी यंदा सोडा. श्रीखंड असताना दुसरं गोड कुणी मनापासून खात नाही, आणि पुऱ्यांची कढई चालू असताना भज्यांना शेगडीवर जागा नसते.

श्रीखंडाची मोठी सोय म्हणजे ते आदल्या दिवशी केलेलंच जास्त चांगलं लागतं. बारा जणांना एक किलो चक्का पुरे; म्हशीच्या तीन लिटर सायीच्या दुधात तो निघतो. पाडव्याच्या दोन रात्री आधी विरजण लावा आणि सकाळी दही फडक्यात बांधून टांगा. चैत्राच्या उकाड्यात ते दिवसभर बाहेर राहिलं तर आंबतं, म्हणून तास-दोन तासांत बरंचसं पाणी गळलं की फडक्यासकट चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन, फ्रिजमध्ये सरकवा. संध्याकाळपर्यंत चक्का घट्ट होतो. घाई करू नका. साखर घातली की तो सैल पडतोच, आणि मुळात ओला असेल तर श्रीखंड वाटीत पसरतं. किलोला ८०० ग्रॅम साखर घाला, तासभर मुरू द्या, मग पुरणयंत्रातून काढा. कोमट दुधात खललेलं केशर, वेलची, किंचित जायफळ, वरून चारोळी. आम्रखंडाचा मोह टाळा. पाडव्याला हापूस महाग असतो आणि बऱ्याचदा पुरता पिकलेलाही नसतो.

आंबेडाळीशिवाय हे ताट मला अपुरं वाटतं. श्रीखंड-पुरीचा गोडवा आणि तेलकटपणा कापायला तिच्यासारखं काही नाही. ३०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून रात्री मिरचीबरोबर भरड वाटा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पेस्ट झाली तर चव गेली. सकाळी किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर मिसळून वर मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी. कैरी आंबट, गावठीच घ्या. तोतापुरीने डाळ फिकी होते. त्याच कैऱ्यांतल्या चार-पाच उकडून, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ आणि वेलची घालून पन्ह्याचा गर रात्रीच करून ठेवा. वाढताना फक्त गार पाणी घालायचं.

बटाटे रात्री उकडून सालासकट ठेवा. सकाळी गुढी उभारून निघण्याआधी आलं-मिरची आणि कढीपत्त्यावर भाजी परतून झाकून ठेवा. कांदा नको, म्हणजे तीच नैवेद्यालाही चालते. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि चिंच यांची गोळीही तेव्हाच वाटून घ्या. पाहुणे आले की आधी ती, मग पन्हं, आणि मुलांच्या हातात गाठी. तेवढ्यात तेल तापतं.

पुऱ्यांना किलोभर कणीक लागेल, साठ-सत्तर लहान पुऱ्या होतात. दोन चमचे रवा आणि मोहन घालून घट्ट भिजवा. सैल कणकेच्या पुऱ्या तेल पितात. मात्र ही कणीक रात्री भिजवू नका. घरी परतल्यावर भिजवा, लगेच लाटायला घ्या. घरात कुणी वयस्कर वरणभात मागणारं असेल तर कुकरची एक शिटी अवघड नाही, पण तो सगळ्यांसाठी मांडू नका.

एक गोष्ट आधीच ठरवा : पुऱ्या लाटणारं एक जण आणि तळणारं दुसरं, दोघंही पाहुण्यांतलेच. त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, आणि पहिल्या पंगतीला तुम्ही बसा.