स्वरलिपी आणि संगणक

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी मोजक्या चिन्हांत बांधल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. एवढ्यावर राग उभा राहतो.

गेल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरातील माझ्या गुरुजींच्या वहीतून भैरवीची एक बंदिश मी संगणकावर उतरविली. कोमल स्वर अधोरेखित केले व मजकूर मैत्रिणीच्या मोबाईलवर पाठविला. वाटेत साऱ्या रेघा गळाल्या. रे, ग, ध, नि शुद्ध झाले आणि तिने भैरवीऐवजी बिलावलचे स्वर गायिले!

चूक माझीच. अधोरेखन हा अक्षराचा पोशाख; जागा बदलली की तो उतरतो. युनिकोडमध्ये मात्र वेदपाठासाठी अनुदात्ताची आडवी व स्वरिताची उभी रेघ ही स्वतंत्र चिन्हे आहेत. अक्षरानंतर ती टंकावीत : रे॒ ग॒ ध॒ नि॒ हे कोमल, म॑ हा तीव्र. ती अक्षराला चिकटूनच प्रवास करतात.

पाश्चात्त्य संगीतासाठी १९९६ साली सुरू झालेल्या ‘लिलिपाँड’ प्रणालीचेही तत्त्व हेच. स्वर, त्यांचे कोमल-तीव्रपण आणि लांबी साध्या अक्षर-अंकांत लिहावी. पाच रेघांवरील मांडणी संगणक करतो.

गुरुजींच्या वहीची पाने आता पिवळी पडली आहेत. अशा वह्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्या उतरविण्यापूर्वी ही दोन चिन्हे जरूर शिकावीत. रेघ हरवली, तर रागच हरवतो.