रॅगिंग आणि दांडगाई : जबाबदारी कोणाची?

दांडगाईला तोंड कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पीडितालाच उद्देशून दिले जाते. धीट व्हावे, दुर्लक्ष करावे, मित्र जोडावेत असे त्याला सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु वसतिगृहात रात्री वरिष्ठांच्या घोळक्यासमोर उभ्या असलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग तो किती? रॅगिंगविरोधी कायद्याची वाटचाल पाहिली, तर हा भार हळूहळू विद्यार्थ्याकडून संस्थेकडे सरकल्याचे दिसते.

तमिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यात दोषी विद्यार्थ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र परीक्षार्थींनी विशेष लक्ष द्यावे ते संस्थाप्रमुखाविषयीच्या तरतुदीकडे. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत त्याने चौकशी करावयाची असते. त्याने यात कसूर केल्यास रॅगिंगला अपप्रेरणा दिली, असे मानले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये विश्व जागृती मिशन प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे दिली. ती पुरेशी ठरली नाहीत. २००६ मध्ये न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवर १६ मे २००७ रोजी अंतरिम आदेश झाला. संस्थेच्या कारवाईने पीडित किंवा पालक यांचे समाधान न झाल्यास संस्थेनेच एफआयआर नोंदवावा आणि त्यातील हेतुपुरस्सर दिरंगाई हा दंडनीय निष्काळजीपणा समजावा, असे त्यात म्हटले होते.

तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा वैद्यकीय महाविद्यालयात गुरगावच्या अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. २०१० मध्ये चार वरिष्ठ विद्यार्थ्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. आदेश होता, पण तक्रार महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर नेणारी यंत्रणा नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००९ मध्ये काढलेल्या विनियमांनी आणि चोवीस तास चालणाऱ्या १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकाने ती उणीव काही अंशी भरून काढली. विनियमांनुसार संस्थाप्रमुखाने माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर दाखल करावयाचा असतो. दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेचीही मुभा आहे. ही तरतूद कठोर आहे, पण मौनाची भिंत फोडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हेही सांगणे कठीण.

त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीचेही तेच अध्यक्ष होते. त्या समितीच्या २००७ च्या अहवालात वसतिगृहातील छळ व त्यातून आलेले वेगळेपण नोंदलेले आहे. दांडगाई सर्वांवर सारखी होत नाही, हे त्यातून दिसले. २०१६ च्या दुरुस्तीने जात, वंश, धर्म, प्रदेश, भाषा यांवरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट झाला.

नोकरीत मात्र स्थिती वेगळी आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे; दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक असून तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची आहे. वरिष्ठाच्या अन्य दांडगाईविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तेथे सेवानियम आणि पुरावा यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, स्थळ, उच्चारलेले शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.