विद्युत मोटरसायकल: चार्जरवरचा आकडा आणि बॅटरीत जाणारी वीज

विद्युत मोटरसायकल चार्ज व्हायला किती वेळ लागेल, हे वीज ज्या टप्प्यांतून बॅटरीपर्यंत पोहोचते त्यांतला सर्वांत कमी क्षमतेचा टप्पा ठरवतो. घरातली वायर आणि पॉइंट, चार्जिंग केबल, चार्जर आणि शेवटी बॅटरी, असा हा क्रम आहे. हा टप्पा सोडून दुसराच टप्पा वाढवून वेळ वाचत नाही, हा अनेकांना पैसे खर्चून आलेला अनुभव आहे.

आधी पॉइंटचे पाहावे. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ६ अँपिअरच्या लहान पॉइंटमधून जास्तीत जास्त १.३८ किलोवॉट, तर १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटमधून ३.६८ किलोवॉट वीज घेता येते. अल्ट्राव्हायोलेट एफ७७ या मोटरसायकलची मोठी बॅटरी १०.३ किलोवॉट-अवरची, म्हणजे दहा युनिटांहून थोडी अधिक आहे. एवढी बॅटरी लहान पॉइंटवर भरायची तर नुसत्या भागाकाराने साडेसात तास येतात. प्रत्यक्षात चार्जरमध्येच दहाएक टक्के वीज उष्णता होऊन जाते आणि शेवटचा भाग संथ भरतो. त्यामुळे नऊ तासांच्या आसपास धरलेले बरे.

मोठा पॉइंट मिळाला म्हणून वेग आपोआप वाढत नाही. एसी वीज घेणाऱ्या गाडीत त्या विजेचे डीसीत रूपांतर करणारा चार्जर बसवलेला असतो आणि तो आपल्या क्षमतेपलीकडे वीज ओढत नाही. अमेरिकेतील लाइव्हवायर वनचा असा चार्जर सुमारे दीड किलोवॉटचा आहे. तिथे भिंतीवर सात किलोवॉटचे यंत्र बसवले तरी गाडी साध्या पॉइंटइतकाच वेळ घेते. २०१९ साली आलेल्या झिरो एसआर/एफच्या साध्या आवृत्तीत ३, तर वरच्या आवृत्तीत ६ किलोवॉटचा चार्जर होता. सात किलोवॉटचे यंत्र दुसरीच्याच खऱ्या उपयोगाचे. युरोपात २२ किलोवॉटची थ्री-फेज यंत्रे सर्रास दिसतात, पण सिंगल-फेज चार्जर असलेली मोटरसायकल त्यांतला एकच फेज वापरते. ३२ अँपिअरला हा हिशेब फार तर ७.३६ किलोवॉटवर थांबतो.

डीसी फास्ट चार्जिंगमध्ये गाडीतला चार्जर वगळून वीज थेट बॅटरीत जाते. मात्र त्यासाठी प्लग आणि व्होल्टेज दोन्ही जुळावे लागतात. मोटारींसाठीची डीसी यंत्रे साधारणतः दीडशे-दोनशे व्होल्टच्या पुढे काम करतात, तर भारतातील बहुतेक विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्या ४८ ते ७२ व्होल्टच्या घरातल्या. म्हणून महामार्गावरील मोटारींचे चार्जिंग केंद्र त्यांच्या कामाचे नसते. इटलीच्या एनर्जिकाच्या गाड्यांची बॅटरी तीनशे व्होल्टच्या आसपासची असल्याने त्यांना एसीवर ३ किलोवॉट मिळत असले, तरी डीसीवर सुमारे २४ किलोवॉटपर्यंत मजल जाते. भारतात एथर या कंपनीने विकसित केलेल्या, एसी-डीसी दोन्ही सांभाळणाऱ्या हलक्या वाहनांच्या प्लगला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मानकाचा दर्जा दिला. पण सर्व उत्पादक तो वापरत नाहीत. लांबच्या प्रवासाचा बेत आखताना वाटेतल्या केंद्रावर आपला प्लग आहे का, हे आधी पाहावे लागते.

शेवटची मर्यादा बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत पूर्ण वेगाने भरते, नंतर प्रवाह उतरत जातो. प्रवासात ऐंशीवर थांबून पुढे निघणे म्हणूनच फायद्याचे. उन्हात वेगाने चालवून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावली, तर बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा वेग घटवते किंवा चार्जिंग थांबवते. गाडी सावलीत थोडी निवू द्यावी. गोठणबिंदूखाली पेशींमध्ये धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून थंड प्रदेशातही हीच यंत्रणा आडवी येते.

वेग कमी पडला तर फक्त वेळ जातो. वायर कमी पडली तर आग लागू शकते. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि चार्जिंगचा भार मिक्सरसारखा मिनिटांचा नसून तासन्‌तासांचा असतो. पॉइंट ढिला असला तर प्लग तापून काळा पडतो. म्हणून १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग असावे. एक्स्टेन्शन बोर्ड आणि मल्टिप्लग टाळावेत. गुंडाळलेली केबल तर वापरूच नये. वीजबिलावरचा मंजूर भार पाहून गिझर, एअर कंडिशनर आणि चार्जिंग एकाच वेळी चालेल का, याचा अंदाज घ्यावा. पहिल्या काही वेळा अर्ध्या तासाने चार्जिंग बंद करून प्लग काढावा आणि हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसला तर इलेक्ट्रिशियनने पॉइंट बदलेपर्यंत तिथे गाडी लावू नये.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात: बॅटरी किती युनिटांची, चार्जर किती किलोवॉटचा, प्लग कोणता, आणि सांगितलेला वेळ ऐंशी टक्क्यांचा की शंभर. आपल्या पॉइंटची आणि चार्जरची क्षमता यांतला लहान आकडा घेऊन त्याने बॅटरीच्या युनिटांना भागावे आणि उत्तरात पंधरा-वीस टक्के मिळवावेत. घरी लागणारा वेळ बहुधा त्याच्याच आसपास निघतो.